बिनअक्रोडाचं सूप

१

मंगळवारी दुपारी, अन्न-परवानगी समितीच्या जेवणात, मोठ्या बाईंनी सूपचे दोन-चार चमचे घेतले, चमचा खाली ठेवला, गळ्याला हात लावला आणि खुर्चीवरून घसरल्या.

टेबलाभोवती तेव्हा चांगली शिकलीसवरलेली माणसं बसली होती. त्यांनी काय केलं ते सांगते. अध्यक्ष "पाणी प्या, पाणी प्या" म्हणत राहिले. घेवडेवाले डॉक्टर (हे औषधांचे नव्हेत, बियाण्यांचे) "घास अडकला असेल" असं म्हणून पाठीवर थापट्या मारत बसले. निर्मळरावांनी डोळे मिटले. आपण प्रार्थना करत होतो, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. बाईंची पर्स तिथेच खुर्चीच्या पाठीला लटकत होती. तिच्यात एक सुई होती आणि सुईसोबत एक कार्ड होतं : अक्रोडाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्रास झाल्यास ही सुई मांडीत टोचा. पर्स कुणीच उघडली नाही. परक्या बाईच्या पर्सला हात कसा लावायचा, असं अध्यक्षांचं म्हणणं.

शेवटी अ‍ॅम्ब्युलन्सबरोबर आलेल्या मुलीने लावला. तोवर बाईंचे ओठ निळे पडले होते.

बुधवारी सकाळी मी त्या इमारतीत पोचले. खाण्यातून बाधा झाली की ती कशाने झाली आणि कुणामुळे झाली हे शोधणं माझं काम. खात्यात तोंडावर मला मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की चिमटा. मला चिमटा जास्त आवडतं. त्यात निदान कामाचा उल्लेख आहे.

जिन्यातच समितीचे सचिव भेटले. चेहऱ्यावर चक्क सुटकेचा आनंद.

"मॅडम, तुमचा फार वेळ जाणार नाही. गुन्हेगार सापडलाय. स्वयंपाकीण. कालच निलंबित करून टाकली."

"कशावरून?"

"इस्पितळाने सांगितलं ना, अक्रोड म्हणून. आणि सूप कुणी केलं? तिने."

"स्वयंपाकघरात अक्रोड सापडला?"

"नाही."

"टरफल? पिशवी? अक्रोडाचं तेल?"

"काहीच नाही," सचिव म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "म्हणजे बघा, किती चलाखीने लपवलाय."

अशा डोक्याच्या माणसाच्या सहीने देशाच्या ताटात काय पडायचं ते ठरतं. मी स्वयंपाकिणीचा पत्ता मागितला.

२

स्वयंपाकिणीला सगळे काकू म्हणत. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती ओट्यापाशी नुसती उभी होती. ओटा लख्ख होता. पुसायला काहीच शिल्लक नव्हतं, तरी हातात फडकं होतं.

"बाई कशा आहेत?" तिने आधी हे विचारलं. त्या इमारतीत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"बेशुद्ध आहेत."

"मी अक्रोड नाही घातला हो. कुणाची शपथ घेऊ सांगा. बाई समितीवर आल्या ना, त्या दिवशी स्वतः खाली आल्या होत्या. म्हणाल्या, काकू, माझा जीव आता तुमच्या हातात, बाकी कुणाला सांगत बसणार नाही, लोक उगाच कीव करतात. तेव्हापासून अक्रोडच काय, बदाम-काजूसुद्धा मी त्या स्वयंपाकघरात येऊ दिलेला नाही. सचिवसाहेबांना विचारा, त्यांना मीच सांगून ठेवलंय."

"सूप कशाचं होतं?"

"पांढऱ्या घेवड्याचं. नेहमीचंच. सोमवारी दुपारी घेवडा निवडून पातेल्यात काढून ओट्यावर ठेवला. वर सगळ्यांना चहा दिला, खाली आले. संध्याकाळी निघताना पातेल्यात पाणी घातलं. मंगळवारी सकाळी शिजवला."

"चहा द्यायला गेलात तेव्हा खाली कोण होतं?"

"कुणी नाही. येताना तेवढे निर्मळराव दिसले, नळावर बाटली भरत होते. 'काय काकू, दमलात का' म्हणाले. बोलायला गोड आहेत." तिने फडकं पिळलं. ते कोरडं होतं. "मॅडम, सगळे म्हणतायत मी केलं. माझा जावई काल रात्री माझ्या हातचं जेवला नाही. बाहेरून घेऊन आला."

त्या जावयाला मी ओळखत नाही, पण त्या क्षणी तो मला ओळखीचा वाटला. समितीत शोभला असता.

३

समिती चार जणांची : अध्यक्ष, बाई, निर्मळराव आणि आणखी एक. चौथा सदस्य कायम परदेशात. त्याचा तपासात मला काही उपयोग झाला नाही. समितीलाही होत नसावा.

अध्यक्ष एके काळी शेतीशास्त्राचे प्राध्यापक होते. आता ते फक्त अध्यक्ष होते. त्यांच्यापुढे प्रश्न होता एका नव्या घेवड्याचा. जनुक बदलून केलेला घेवडा, जास्त पौष्टिक, बाजारात आणायची परवानगी डॉक्टरांना हवी. सोमवारी-मंगळवारी दोन दिवस बैठक, मंगळवारी दुपारनंतर मतदान.

"सोमवारी काय चर्चा झाली?"

"उत्तम झाली. डॉक्टरांनी सादरीकरण केलं. निर्मळरावांनी नेहमीप्रमाणे निषेध केला. बाईंनी प्रश्न विचारले. फार प्रश्न विचारायच्या हो. शाळेत मुख्याध्यापिका होत्या ना, सवय."

"काय विचारलं त्यांनी?"

"हा पौष्टिक गुण घेवड्यात आणलाय तो कशातून, म्हणून. डॉक्टर म्हणाले, एका वनस्पतीतून. तर या म्हणतात, कुठल्या? आता चार वाजले होते. मी म्हटलं, चहा घेऊ."

"उत्तर मिळालं?"

"चहा आला होता," अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले.

चहाला सगळे गच्चीत गेले होते. फक्त निर्मळराव सभागृहात थांबले, कारण ते चहा घेत नाहीत.

डॉक्टर मला सभागृहातच भेटले. कडक इस्त्री, मऊ आवाज. टेबलाच्या मधोमध काचेचा भला मोठा वाडगा, पांढऱ्या घेवड्याने काठोकाठ भरलेला.

"हाच आमचा. हात लावून बघा ना, त्यासाठीच ठेवलाय. साध्या घेवड्यात आणि यात दिसायला काडीचा फरक नाही. चव तीच, रंग तोच. हीच तर करामत आहे. गरिबाच्या ताटात मांसाच्या तोडीचं पोषण, आणि त्याला पत्तासुद्धा लागत नाही."

"पत्ता लागू नये ही चांगली गोष्ट आहे?"

"लोक अडाणी असतात हो. उगाच घाबरतात." मग चेहरा पाडून म्हणाले, "बाईंचं फार वाईट झालं. स्वयंपाकिणीचा हलगर्जीपणा. म्हणून तर मी लगेच सचिवांना सांगितलं, सूपचं पातेलं झाकून सील करा, कुणाला धुवू देऊ नका. पुरावा आहे तो. मी स्वतः दोन वाट्या प्यायलो होतो. चवीवरून काही कळलं नाही."

"पौष्टिक गुण कशातून आणलात?"

"सूर्यफुलातून," ते क्षणात म्हणाले. "अर्जात तेवढं लिहायचं राहिलं."

मी वाडग्यातला मूठभर घेवडा पिशवीत घातला. डॉक्टरांची काही हरकत नव्हती. उलट त्यांनी पिशवी धरून मदत केली.

निर्मळराव गलिच्यावर न बसता बाजूला फरशीवर बसले होते. बिनरंगाचे कपडे, अनवाणी पाय, शेजारी झोळी आणि धातूची बाटली. सुधारित बियाण्यांविरुद्ध त्यांची चळवळ आहे. चळवळीत तरुण मंडळी भरपूर, आणि सगळी त्यांच्याकडे मान तिरकी करून बघतात.

"आपण काय खातोय हे ज्याला माहीत नाही तो गुलाम," ते म्हणाले. "मी या इमारतीतलं काही घेत नाही. जेवण घरून आणतो. पाण्याचा थेंबसुद्धा इथला नाही." त्यांनी बाटलीवर प्रेमाने थाप मारली. "बाईंना विषबाधा झाली, तीही अक्रोडाची. वाईट वाटतं. पण बाजारू स्वयंपाकघर म्हटलं की हे आलंच. बिचारी स्वयंपाकीण, तिला तरी काय दोष द्यायचा."

आवाजात दया ओथंबत होती. आदल्या दिवशी दुपारी हाच माणूस भिंतीला टेकून थरथरत होता, असं शिपायाने मला सांगितलं होतं. संध्याकाळी इस्पितळातून 'अक्रोड' हा शब्द आला आणि हा सावरला. अक्रोडाने एवढं हायसं वाटलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

निघताना मी सचिवांना विचारलं, "बाईंची अ‍ॅलर्जी तुम्हाला ठाऊक होती. मग सुई तुम्ही का नाही काढलीत?"

त्यांचा चेहरा उतरला. माणूस मूर्ख होता, पण निर्लज्ज नव्हता. "मी तिथे नव्हतो, मॅडम. फाटकावर पत्रकार जमले होते, त्यांना थोपवायला खाली गेलो होतो."

"अ‍ॅम्ब्युलन्स बघून आले असतील."

"छे हो. अ‍ॅम्ब्युलन्स कुठली? वर नुकतं सूप वाढत होते तेव्हा."

मी पायरीवरच थांबले. बातमी घडायच्या आधी बातमीदार हजर होते.

४

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतल्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. ती सूप तपासत होती.

"चिमटे, तुझ्या सूपमध्ये अक्रोड आहे आणि नाही."

"नीट सांग."

"अक्रोड म्हणजे काही एकच पदार्थ नसतो. त्यात कितीतरी प्रथिनं असतात, तेल असतं, टरफलाखालच्या सालीचा कडवटपणा असतो. अक्रोडाची चिमूटभर पूड जरी सूपमध्ये पडली तरी हे सगळं थोडंथोडं सापडतं. सापडायलाच हवं. तुझ्या सूपमध्ये अक्रोडाचं फक्त एक प्रथिन आहे. नेमकं अ‍ॅलर्जी करणारं, आणि भरपूर आहे. बाकी अक्रोडाचा मागमूस नाही."

"म्हणजे बाकीचा अक्रोड गेला कुठे?"

"तो कधी नव्हताच. ते प्रथिन दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात तयार झालंय."

"कुणाच्या?"

"सूपमध्ये काय काय होतं?"

घेवडा, कांदा, मीठ, मिरी. मला एकदम वाडग्यातले ते पांढरेशुभ्र दाणे आठवले. दिसायला काडीचा फरक नाही.

"मी काल मूठभर घेवडा पाठवला होता. टेबलावरच्या वाडग्यातला. तो तपासलास?"

"तपासला. तो साधा आहे. अगदी चोख. त्यात काहीसुद्धा नाही."

मी फोन ठेवला. सूपमधला घेवडा विचित्र निघाला होता, आणि जो विचित्र असायला हवा तो साधा.

५

संध्याकाळी मी फाटकावर आलेल्यांपैकी एका पत्रकार बाईला गाठलं. कपाळाला आठ्या घालून तिने सांगितलं, "सकाळीच निरोप आला होता, जेवणाच्या वेळेला या म्हणून. 'समितीच्या पोटातली बातमी देतो', असे शब्द होते. आम्ही गेलो तर आत गोंधळ. निरोप देणारा बाहेर आला, हात जोडले, म्हणाला आज काही नाही, जा. मला त्याचंच नवल वाटलं. तो कॅमेरा बघितला की वाट सोडून येणारा माणूस."

"नाव नको. अनवाणी होता?"

"तुम्हाला कसं कळलं?"

मी उत्तर द्यायच्या आत माझा फोन वाजला. इस्पितळातून बाईंची मुलगी होती. तिने काही प्रस्तावना केली नाही.

"आई गेली," ती म्हणाली. "सगळे म्हणतायत चूक झाली. कुणाची चूक ते मला सांगा. मला 'चूक झाली' एवढंच नकोय."

६

शुक्रवारी मी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. काकूलाही बोलावलं. ती दाराशी उभी राहिली. अध्यक्षांनी आधी बाईंसाठी मौन पाळायला लावलं आणि मौन संपताच घड्याळ बघितलं. माझ्याबरोबर आलेले दोन पोलीस मागे भिंतीशी उभे होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "एक चांगली बातमी आहे. या वाडग्यातला घेवडा तपासला. त्यात अक्रोडाचा अंशही नाही."

ते फुलले. "असणारच नाही! अध्यक्ष महाराज, नोंद घ्या. आमचा घेवडा निर्दोष आहे."

"हा तुमचाच घेवडा ना?"

"शंभर टक्के. सोमवारी सकाळी मी स्वतः वाडग्यात भरलाय."

"मग यात सूर्यफुलाचा अंश तरी असेल."

"अर्थात."

"तोही नाही. यात बाहेरून आणलेलं काहीच नाही. वाण्याकडे मिळतो तसला साधा घेवडा आहे. आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, तुम्ही घेवड्यात काही केलेलंच नाही आणि नुसता साधा घेवडा दाखवून परवानगी मागताय. दुसरी, हा तुमचा घेवडा नाही. कुठली घ्यायची?"

डॉक्टरांची पंचाईत झाली. दुसरी घ्यावी तर आपला घेवडा कुठे गेला हे विचारलं जाणार, आणि पहिली घेतली तर धंदाच बुडणार. त्यांची नजर वाडग्यावरून हळूहळू जेवणाच्या टेबलाकडे गेली, आणि तिथे त्यांना सगळं उमगलं. रंग असा उतरला की इस्त्रीसुद्धा मोडल्यासारखी दिसली.

"तुमचा घेवडा सूपमध्ये होता," मी म्हटलं. "आणि त्यातला पौष्टिक गुण सूर्यफुलातून आणलेला नाही. अक्रोडातून आणलाय."

"पण सूपमध्ये मी नाही घातला!" ते ओरडले. "देवाशप्पथ नाही!"

"माहीत आहे. तुम्ही घातला असता तर इस्पितळाने अक्रोड म्हटल्याबरोबर पातेलं मोरीत ओतलं असतंत. तुम्ही ते सील करायला लावलंत. घेवड्यात अक्रोड आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्याला तो सूपमध्ये आहे हे ठाऊक नव्हतं. म्हणजे सूपमध्ये घालणारा वेगळा. त्याला तो सूपमध्ये आहे हे माहीत होतं, अक्रोडाचं माहीत नव्हतं. म्हणून तर 'अक्रोड' ऐकल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, सुटलो, हे आपलं नव्हे, काकूचं."

काकूने दाराची कड घट्ट धरली.

"सोमवारी चहाला सगळे गच्चीत होते. वाडग्याजवळ एकटे कोण होते? काकू वर असताना खाली, जिथे पातेल्यात कोरडा घेवडा काढून ठेवलेला होता तिथे, कोण गेलं होतं? बाटली भरायला म्हणे. इथल्या पाण्याचा थेंब न घेणारा माणूस इथल्या नळावर बाटली भरतो. झोळीतून घेवडा खाली नेला, पातेल्यातला झोळीत घेतला, वाडग्यात आणून ओतला. अदलाबदल. दिसायला काडीचा फरक नाही. आणि मंगळवारी सकाळी पत्रकारांना निरोप, समितीच्या पोटातली बातमी देतो. बाटलीत तेव्हा पाणी तरी भरलंत का, निर्मळराव?"

निर्मळराव फरशीवरून उठले. मला वाटलं नाकारतील. पण नाकारण्यात भाषण करता येत नाही.

"हो. मी केलं." त्यांनी छाती पुढे काढली. "वर्षानुवर्षं सांगतोय, लोकांना न विचारता हे खायला घालू नका. ऐकलं कुणी? म्हटलं, एकदा यांच्याच पोटात जाऊ दे. जेवण झाल्यावर कॅमेऱ्यासमोर सांगणार होतो, बघा, तुम्हाला न विचारता खायला घातलं, आता कसं वाटतं? तो धडा होता. प्रतीकात्मक होता. मला काय ठाऊक त्यात—"

"ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "काय आहे ते ठाऊक नसताना लोकांच्या ताटात घातलंत. हेच करू नका म्हणून तुमची चळवळ आहे ना?"

"माझा हेतू शुद्ध होता."

"आणि बाई? त्यांना विचारलं होतंत?"

"विचारलं असतं तर धडा राहिला नसता," निर्मळराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मी माझ्या नोकरीत पैशासाठी भेसळ करणारे पाहिलेत. त्यांच्यातला एकही मला इतका किळसवाणा वाटला नाही. ते निदान मान खाली घालतात.

डॉक्टरांना आता धीर आला होता. दुसरा सापडला की पहिल्याला धीर येतो. "म्हणजे खून यांनी केला. माझा घेवडा खाण्यासाठी नव्हताच अजून. चाचणीचा होता."

"परवानगी मिळाल्यावर तो अख्ख्या देशाने खाल्ला असता. अक्रोडाचं का लपवलंत?"

"सांगितलं असतं तर पिशवीवर छापावं लागलं असतं. 'अक्रोडाचा अंश आहे.' कोण घेणार? आणि ही बाधा असलेली माणसं असतात कितीशी? त्यांच्यासाठी बाकी सगळ्यांनी उपाशी राहायचं का?"

"सोमवारी बाईंनी तुम्हाला सरळ विचारलं होतं, कुठली वनस्पती. तेव्हा 'अक्रोड' हा एक शब्द बोलला असतात तर त्या म्हणाल्या असत्या, मला अक्रोड चालत नाही. मग कुणी काहीही अदलाबदल केली असती तरी पर्स कुठे आहे ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं."

"मी सांगणारच होतो," डॉक्टर म्हणाले. "पण अध्यक्षांनी चहा मागवला."

आता सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"चहाची वेळ झाली होती," ते म्हणाले.

पोलीस दोघांना घेऊन गेले. जिन्यात दोघं एकमेकांवर ओरडत होते, तुझ्यामुळे, तुझ्यामुळे. सचिव काकूजवळ गेले आणि म्हणाले, "काकू, समितीने मोठ्या मनाने ठरवलंय, तुमचं निलंबन मागे. सोमवारपासून या."

"कुणी मोठं मन केलं?" काकूने विचारलं. "साहेब, माझ्या हातचं जेवायला आता तुमची हिंमत होईल. पण तुम्हाला वाढायला माझा हात होणार नाही."

ती गेली. अध्यक्षांनी विचारलं, मग आजच्या जेवणाचं काय.

७

बाईंच्या मुलीचं चष्म्याचं दुकान आहे. मी गेले तेव्हा ती एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा बसवून बघत होती. गिऱ्हाईक गेल्यावर तिने दाराची पाटी उलटी केली आणि माझ्यासमोर बसली. मी सगळं सांगितलं. एकाने लपवलं, एकाने खायला घातलं, एकाने चहा मागवला. वकील आता काय म्हणतील तेही सांगितलं : एक म्हणेल मला माहीत नव्हतं, दुसरा म्हणेल मी घातलं नव्हतं, आणि दोघंही खरं बोलत असतील. शिक्षा होईल, पण जितकी व्हायला हवी तितकी होईल असं वचन मी देऊ शकत नव्हते.

ती रडली नाही. समोरच्या चौकटी सरळ करत राहिली.

"रविवारी आई जेवायला आली होती," ती म्हणाली. "सगळी कागदपत्रं वाचून काढली होती तिने. तीच एकटी वाचत असेल. मी विचारलं, मग काय करणार? म्हणाली, हो म्हणणार. म्हणाली, माझ्या शाळेत मुलं प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडायची, भुकेने. डब्यात नुसता भात. त्यांच्या ताटात असला घेवडा पडला असता तर मी जनुकांशी भांडत बसले नसते. फक्त पिशवीवर काय आहे ते खरं लिहा, एवढी अट घालणार आहे. तो निर्मळराव ओरडतो ते सगळंच खोटं नाही, म्हणाली, सांगून खायला घाला हे त्याचं बरोबरच आहे."

"दोघांचंही ऐकून घेत होत्या."

"दोघांचंही ऐकणारी तीच होती ना हो तिथे?" मुलगी म्हणाली. मग तिचा आवाज फुटला आणि तिने तोंडावर ओढणी धरली. मी तिच्या हातातली चौकट काढून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी कोठडीत डॉक्टरांना भेटायला गेले. तपासात त्याची काही गरज नव्हती. माझं काम संपलं होतं. पण एक गोष्ट कळल्याशिवाय त्या माणसाला झोप लागावी हे मला सहन होत नव्हतं. निर्मळरावांकडे गेले नाही. त्यांच्या चळवळीने बाईंच्या फोटोची पत्रकं आधीच छापली होती. खाली बाईंचं नाव 'शहीद' म्हणून होतं. त्या माणसाच्या आत पोचेल असं माझ्याकडे काही नव्हतं.

डॉक्टर बाकावर बसले होते. इस्त्री आता राहिली नव्हती.

"बाई हो म्हणणार होत्या," मी म्हटलं. "तुमच्या घेवड्याला. त्यांनी रविवारीच ठरवलं होतं. पिशवीवर खरं लिहिलं की झालं, एवढीच अट होती. तुम्ही खरं बोलला असतात तर मंगळवारी परवानगी तुमच्या हातात होती, आणि बाई घरी."

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, पोचलं कुठेतरी.

"खरंच असं म्हणाल्या त्या?"

"मुलीला म्हणाल्या."

डॉक्टर बाकावरून पुढे सरकले. त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "ती मुलगी हे लेखी देईल का?"